छाटलेले कंस

"असा प्रकार सापडला नाही," बिघाड शोधणाऱ्या प्रोग्रॅमनं, डीबगरनं, पुन्हा ईशानीच्या तोंडावर सांगितलं.

कॉलेजच्या पोरींनी जीव ओतून बनवलेल्या उपग्रहाची बॅटरी संपत चालली होती. त्यानं मघाशी पाठवलेल्या माहितीतून बिघाड शोधायचा तो या डीबगरनंच, आणि तोही उपग्रह डोक्यावरून निघून जाण्याआधी. पुढच्या फेरीपर्यंत बॅटरी टिकणार नव्हती.

"कंपायलर कुणी बदलला गं?" टीमची म्होरकी शर्वाणीताई कडाडली.

"मी," ईशानी म्हणाली. "फाईल निम्मी झाली म्हणून तूच तर पाठ थोपटलीस!"

"आणि डीबगर?"

"जुनाच."

तिथंच माती खाल्ली होती. कोडचं यंत्रभाषेत भाषांतर करणाऱ्या नव्या कंपायलरनं जागा वाचवायला टेम्प्लेटच्या, म्हणजे कोडमधल्या साच्यांच्या, नावांमधले कंस आतल्या शब्दासकट छाटून नुसतं 'यादी' ठेवलं होतं, आणि जुना डीबगर बिचारा 'यादी<हीटर>' असं अख्खं नाव हुडकत बसला होता.

ईशानीनं डीबगरच्या शोधातलेही कंस पुसले, तशी सगळी मोजमापं धडाधड पडद्यावर आली. हीटर बंदच झाला नव्हता! एका आज्ञेचं काम! आनंदानं किंचाळत तिनं आज्ञा धाडली.

हेडफोनमध्ये नुसती खरखर. तिनं परत धाडली. परत खरखर.

"गेला गं तो," ताई हळूच म्हणाली.

"एकदाच अजून, ताई. प्लीज."

ताईनं तिला अडवलं नाही. गच्चीवरची अँटेना मुक्या उपग्रहामागे, ठरल्या वाटेनं, पार क्षितिजापर्यंत मान वळवत राहिली.