जरा दम धर

उतू गेलेलं दूध. उलटा घातलेला स्वेटर. दोनदा मीठ पडलेली भाजी. कंप्युटरवर एक लाल ओळ: टेस्ट फेल.

लेकीचं लक्ष फक्त त्या ओळीकडे गेलं. फोन करणाऱ्याला नाव विचारणारा प्रोग्रॅम ती तपासत होती. घरच्यांनी फोनवरून रेकॉर्ड केलेली उत्तरं टेस्टमध्ये आपोआप वाजत. सगळे पास, आई तेवढी नापास. ‘नाव सांगा’ म्हटल्यावर ती वेळेत बोललीच नव्हती.

“आई, स्वतःचं नाव सांगायला एवढा वेळ? मुहूर्त बघत होतीस का?”

“तुझं मशीनच मेलं उतावळं,” आई हसली. “जरा दम धर म्हणावं त्याला.”

लेकही हसली. थांबायची वेळ तिने वाढवून टाकली. नाव कुठलं, हे ती टेस्ट बघतच नव्हती. कुणीतरी बोललं की पुरे. ओळ हिरवी झाली. रेकॉर्डिंग ऐकायची गरजच उरली नाही.

हल्ली लेक समोर बसली की आई पदर सावरून अदबीने विचारते, “ताई, तुम्ही कुणाकडे आलात?”

त्या रेकॉर्डिंगमध्ये, बऱ्याच वेळाने, आईने लेकीचं नाव सांगितलं होतं.