देवीचं झाड

सुईत दोरा ओवता ओवता यशोदेचा हात थांबला, आणि तिच्या आईनं, तानाबाईनं, हातातलं हळदकुंकवाचं ताट खाली ठेवलं.

पाहुण्यांना वाटलं, पोरगी लाजली. पवनारहून मुलगी पाहायला आलेल्या शकुंतलाबाई हसून म्हणाल्या, "घाई नाई वो पोरी, सावकाश होऊ दे." मुलाची आई ती. तिला डोळा, हात, चाल सगळं पारखून घ्यायचं होतं. तिचे यजमान बाबाराव पानाला चुना लावत बसले होते. पण तानाबाईला ते थांबणं ओळखीचं होतं. नजर अशी भिंतीला जाऊन चिकटायची आणि मग पोर कोसळायची.

मिरगी होती पोरीला. वर्ध्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या आखाडीच्या सणापासून सुरू झाल्या आणि तेव्हापासून ती एकदाही पडली नव्हती. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, "गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही. आणि सासरी लपवायचं नाही. औषध नीट घेतलं तर पोरगी सुखानं संसार करील." तानाबाईनं यातलं शेवटचं वाक्य तेवढं घरी आणलं होतं, बाकीचं दवाखान्याच्या पायरीवरच ठेवून.

गोळ्यांची बाटली कणगीमागे दडवलेली. पाहुणे काल दुपारीच छकड्यानं हिंगणीत आले आणि बायामाणसं नेमकी कणगीच्या खोलीत निजली. रात्रीची गोळी राहिली, सकाळचीही राहिली. एका दिवसानं काय होतं, असं तानाबाईनं मनाला समजावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

यशोदा पाटावरून आडवी झाली. दातखीळ बसली, डोळे पांढरे झाले, हातपाय झटके देऊ लागले, तोंडाला फेस आला. बाबारावांच्या हातातलं पान खाली पडलं.

"मिरगी..." ते पुटपुटले.

"आली वो माय! माहूरवाली अंगात आली!" तानाबाई किंचाळली.

ताटातलं मूठभर हळदकुंकू तिनं लेकीवर उधळलं आणि हात जोडून समोर बसली. हे आपल्या तोंडून कसं निघालं, तिचं तिलाच कळलं नाही. पण निघालं.

यशोदेचा बाप कवडू धावतच आला होता. पोरीला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही द्यायचं, तोंडात काही कोंबायचं नाही, हे डॉक्टरांनी त्याला करून दाखवलं होतं. त्यानं तिच्या खांद्याला हात घातला.

"देवीले हात लावू नोका!" तानाबाई गरजली आणि तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो जागीच थिजला. भला माणूस होता बिचारा. भली माणसं नको तिथं थांबतात.

यशोदा उताणीच राहिली. घशात घरघर होऊ लागली. शकुंतलाबाईंनी पदर पसरला आणि तिच्या झटकणाऱ्या पायांपुढे कपाळ टेकलं. जीभ दाताखाली सापडली होती. ओठाच्या कोपऱ्यातून रक्त आलं, ते कुंकवात मिसळलं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. तानाबाईच्या आलं. तरी तिनं जोडलेले हात सोडले नाहीत.

हळूहळू झटके ओसरले. पोर घोरू लागली. आता कोणाला न विचारता कवडूनं तिला कुशीवर केलं आणि धोतराच्या सोग्यानं तिचं तोंड पुसलं.

"आमच्या घरी माहूरवालीचं ठाणं हाये," शकुंतलाबाई डोळे टिपत म्हणाल्या. "सासूबाई गेल्या तवापासून कोनाच्याच अंगात येत नाई. सुनं पडलं हाये ते ठाणं. तुमची पोरगी देवीचं झाड हाये ईनबाई, अन् तुमी सांगतलं बी नाई!"

ईनबाई! तो शब्द ऐकायला तानाबाईनं किती देव पाण्यात ठेवले होते.

"पसंत हाये पोरगी," बाबाराव म्हणाले. मघाचा आपला शब्द ते केव्हाच गिळून बसले होते. "दर मंगळवारी चौकी मांडू. गावोगावचे लोक येतीन दर्शनाले."

"येक मात्र हाये," शकुंतलाबाई म्हणाल्या. "देवीच्या झाडाले दवादारू चालत नाई. सुई नाई, गोळी नाई. देवी कोपते. आमच्या सासूबाईनं मरेपावतर दवाखान्याचं तोंड नाई पाह्यलं. कुंकवावर हात ठेवा अन् वचन द्या."

त्यांनी ताट पुढे सरकवलं.

"सांगून टाक, यशोदेची माय," कवडू हळूच म्हणाला. "अजून बी सांगून टाक. जाईन तं सोयरीकच जाईन."

तानाबाईचा हात ताटावर अधांतरी राहिला. खरं बोलावं तर पोरगी जन्मभर घरात आणि पंचक्रोशीत बोभाटा. खोटं बोलावं तर पोरीचं काय होईल, तेही तिला दिसत होतं. दिसत नव्हतं असं कोणी म्हणू नये.

तेवढ्यात यशोदेनं डोळे उघडले. अंगावरच्या कुंकवाकडे ती परक्यासारखी पाहत राहिली. मग जड जिभेनं म्हणाली, "माय... माही गोळी? काल देलीच नाई तुनं."

शकुंतलाबाईंची नजर तानाबाईकडे वळली.

"कोनती गोळी म्हनून राह्यली ते?"

तानाबाई उठली. लेकीच्या पायांशी जाऊन बसली. कवडूनं तोंड फिरवलं. सगळ्यांदेखत तिनं त्या गार तळव्यांवर कपाळ टेकवलं.

"कोनती गोळी, देवी?" ती म्हणाली.