मातीच्या गोळ्यातली मूठ

"ताई, हा तिसरा कारागीर. नवरा शोधतानाही एवढे उंबरठे झिजवले नव्हतेस," धाकटा भाऊ म्हणाला.

ती हसली नाही. कड्यावरून पडल्यापासून तीन वर्षं तिच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं ताठ होती. मुठीत नीट बसणारा सुरा मिळाला, तरच डोंगरात वाटाड्याचं काम पुन्हा करता येणार होतं. आधीचे दोघे कारागीर फक्त पात्याबद्दलच बोलले होते.

या म्हाताऱ्याने मात्र ओल्या मातीचा गोळा पुढे केला. "घट्ट धर, बाळ. मूठ तुझ्या हाताच्या मापाने घडवू."

तिने तो अंगठ्याने आणि दोन बोटांनी दाबला. उरलेली दोन नेहमीसारखी हवेतच राहिली.

म्हाताऱ्याने गोळा उजेडात फिरवला. "छान. पाचही ठसे खोल उमटलेत."

"काका, माझी दोन बोटं वळतच नाहीत."

"मी मातीत दिसतं तेच घडवतो," तो शांतपणे म्हणाला.

भाऊ ठसे मोजत राहिला. तिने हात पुसायला फडकं उचललं.

ताठ बोटांच्या नखांत ओली माती भरली होती.

तिने फडकं तसंच खाली ठेवलं. "काका, सुरा न्यायला कधी येऊ?"