नेमका शब्द

अर्धांगवायूनं मास्तरांची वाचा गेली होती. रविवारी मुलगा शुश्रूषागृहात भेटायला आला, तेव्हा आयाबाई एका हातानं त्यांचे गाल दाबून दुसऱ्या हातानं तोंडात चमचा कोंबत होती आणि मधूनमधून हनुवटी पुसत होती.

"ए म्हाताऱ्या, थुंकतोस काय? गिळ मुकाट्यानं! वाटी संपल्याशिवाय सोडणार नाही तुला!"

मुलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उभ्या जन्मात वडिलांना कुणी अरे-तुरे केलं नव्हतं. त्यानं तिथंच तक्रार लिहायला घेतली. भाषेच्या मास्तरांचाच मुलगा तो! 'उद्धट' लिहून त्यानं खोडलं, ते फारच सौम्य वाटलं. 'अडाणी' म्हटलं, तर शिकवून सुधारेल असा अर्थ निघाला असता. शेवटी त्यानं 'असंस्कृत' लिहिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली.

संध्याकाळच्या आत बाईला नारळ मिळाला. तिच्या जागी कडक इस्त्रीचा, हळू बोलणारा मदतनीस आला.

शनिवारी फोन आला. मुलगा धावतपळत पोचेपर्यंत मास्तर गेले होते. "आठवडाभर पोटात ना धड अन्न, ना पाणी," डॉक्टर म्हणाले. मुलानं मदतनिसाची गचांडी धरली.

तो मान खाली घालून म्हणाला, "तिन्ही वेळा अदबीनं विचारत होतो, 'सर, जेवता का?' ते काहीच बोलायचे नाहीत, म्हणून ताट परत न्यायचो."