सतरा कार्डं

श्रोत्यांची पत्रं येत नाहीत, म्हणून लेकरांच्या दुखण्याखुपण्यावरचा डॉक्टरीणबाईंचा कार्यक्रम बंद होणार, असं रेडिओवर सांगितलं. परतवाड्याजवळच्या आमच्या गावात रेडिओ एकट्या आमच्याच घरी. दर मंगळवारी दुपारी सतरा जणी ओसरीवर ऐकायला येत. त्यांच्यातल्या कुणालाच लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येकीचा प्रश्न विचारून मीच सतरा कार्डं लिहिली आणि खाली त्यांची नावं घातली.

पुढच्या मंगळवारी निवेदिका म्हणाली, "एकाच हस्ताक्षरात सतरा पत्रं आली आहेत. ताई, आम्ही ती एकच धरतो."

मी मान खाली घातली. ओसरीवरच्या दुर्गाबाई मात्र भडकल्या. "इनं लिवलं म्हून काय आमी सतरा जणी नाई? आन वं पोरी, तुह्या लेकीची काजळाची डबी."

मी सगळी कार्डं पुन्हा लिहिली. प्रत्येकीनं आपल्या नावाखाली काजळाचा अंगठा उठवला.

त्या गेल्यावर मी अठरावं कार्ड घेतलं. पहिल्या खेपेला स्वतःचा प्रश्न लिहायचा मला धीर झाला नव्हता.

"मुलगी अकरा महिन्यांची झाली," मी लिहिलं, "अजून बसत नाही."