पाचवी खूण

“दाबलंत ना पुन्हा?” म्हणत गुरुजींनी खुर्ची ओढली आणि रेकॉर्डताईंच्या शेजारी, पण संगणकाकडे पाठ करून बसले. “आधी पासवर्ड टाका. मी बघत नाही.”

“तुम्हाला कळला म्हणून काय आभाळ कोसळणार आहे?”

“मलासुद्धा सांगायचा नाही. ओळखीच्या माणसालाच आधी नाही म्हणायला शिकायचं.”

ताई दोन बोटांनी एकेक अक्षर शोधू लागल्या. गुरुजी तोवर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले.

पाणीपुरवठ्याच्या त्या कार्यालयातल्या संगणकांची देखभाल बाहेरच्या एका कंपनीकडे होती. कंपनीतर्फे गुरुजी यायचे. साठीला टेकलेला माणूस, शिकवतो म्हणून गुरुजी. खरं नाव कुणी विचारलंच नाही. कंपनी अधूनमधून कर्मचाऱ्यांना मुद्दाम फसवी मेल पाठवायची. जो भुलून त्यातलं बटण दाबेल, त्याच्याजवळ बसून कुठे चुकलं ते समजावणं हे गुरुजींचं काम. दारावर नियम चिकटवलेला होता: वर्षात पाच चुका झाल्या की संगणक काढून घेणार.

संगणक गेला की ताईंची रवानगी तळघरातल्या भांडारात होणार होती. निवृत्तीला उरले होते आठ महिने.

एकोणतीस वर्षांपूर्वी ताई या रेकॉर्डच्या खोलीत झाडू घेऊन आल्या होत्या. तिशी उलटली तरी अक्षराशी ओळख नव्हती. तेव्हाच्या नकाशेवाल्या काकांनी त्यांना खणांवरच्या चिठ्ठ्यांवरून वाचायला शिकवलं. दुपारी डबा झाला की काका एक चिठ्ठी दाखवायचे, ताई बोट ठेवून वाचायच्या. ‘झडप’ हा त्यांचा पहिला शब्द. तो वाचता आला त्या दिवशी त्यांनी तोच खण तीनदा पुसला होता. ही खुर्ची त्यांनी अशी अक्षराअक्षराने मिळवली होती.

“हं,” गुरुजी म्हणाले, “या मेलमध्ये काय काय खटकायला हवं होतं?”

“पाठवणारा अनोळखी. फुकट देतोय. वर घाई करतोय.”

“सगळं तर पाठ आहे. मग दाबलंत कशाला?”

“गुडघेदुखीच्या तेलाचं होतं हो. मेल्याला माझे गुडघे कसे कळले?”

गुरुजी खोकले. “हल्ली मशीनला सगळं कळतं.”

धडा पाच मिनिटांत आटोपला. मग गुरुजींनी डबा उघडला. हल्ली ते जेवणाच्या सुट्टीतच यायचे. “त्या काकांचं सांगत होतात. कापडी नकाशा भिजला, मग?”

मग ताईंनी नकाशा पंख्याखाली कसा वाळवला ते सांगितलं. गुरुजींनी आपल्या टेलिफोन केंद्रातल्या जुन्या नोकरीच्या गोष्टी काढल्या. तेव्हा नुसत्या ‘हॅलो’वरून ते माणूस ओळखायचे. आता घरी फोन वाजला तरी दचकायला होतं, म्हणाले. वाजतोच कुठे म्हणा.

ते निघताच ताईंनी खणातल्या कागदावर पेन्सिलीने चौथी खूण केली.

“मोजत काय बसता?” दारातून मागे वळत गुरुजी म्हणाले. “मोजू नका हो.”

समोरच्या टेबलावरची नळजोडणीवाली हसली. “ताई, लॉटरीला फसलात, साडीला फसलात, चष्म्याला फसलात, आता तेलालाही? मला तर कितीतरी दिवसांत असली मेल आली नाही. हुशार झाले म्हणून सोडलं असेल.”

“तू जन्मतःच हुशार, बाई.”

तीन आठवडे गेले. ताईंनी रोज सकाळी आधी मेल उघडून पाहिली. चौथ्या सोमवारी ती आली: ‘जुने कापडी नकाशे नव्यासारखे करून मिळतील. अगदी मोफत. आजच बटण दाबा.’

ताईंनी चष्मा पुसला. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. पाठवणारा अनोळखी. फुकट. घाई. लबाडी अगदी ढळढळीत होती. तशी ती पहिल्या मेलपासूनच दिसत होती. दिसत नव्हतं असं कधी झालंच नव्हतं.

पण बटण दाबलं नाही तर गुरुजी कशाला येतील?

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. खणांवर काकांच्या हातच्या चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या होत्या. भांडारात खिडकी नव्हती. ताईंनी पदराने कपाळ टिपलं. मग बटण दाबलं.

पडद्यावर नेहमीची पाटी उमटली: ‘तुम्ही फसलात. उद्या दुपारी प्रशिक्षक भेटतील.’

ताईंनी पाचवी खूण केली.

दुसऱ्या दिवशी, गुरुजी यायच्या आत, त्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. कुणी बोलावून सांगण्यापेक्षा आपणहून सांगितलेलं बरं.

“साहेब, पाचवी झाली. संगणक आज नेलात तरी चालेल. फक्त खणांवरच्या त्या चिठ्ठ्या तेवढ्या काढू नका.”

साहेबांनी मान वर केली. “कसली पाचवी?”

“फसवी मेल. मी पाचव्यांदा दाबली. गुरुजींच्या कंपनीचा नियम आहे ना.”

“ती कंपनी?” साहेब गोंधळले. “ताई, त्यांचं काम तर आपण चार महिन्यांपूर्वीच बंद केलं. आता सगळं दुसऱ्या गावाहून, फोनवर चालतं. तेव्हापासून असली मेल कुणालाच जात नाही.”

टेबलावरचा फोन वाजला. साहेबांनी तो उचलला, ऐकलं आणि ताईंकडे बघितलं.

“तुमच्या टेबलावर कुणी उचलत नाही म्हणून फाटकावरून इथे विचारतायत,” ते म्हणाले, “गुरुजी डबा घेऊन आलेत. नेहमीसारखं सोडू का?”