अंक दुसरा

फोरबर्गच्या मराठी मंडळात नऊ वर्षं श्रीकांतरावच अध्यक्ष. यंदा वैदेही त्यांच्याविरुद्ध उभी होती. मतदान नाटकानंतर होतं, म्हणून तिनं मुद्दाम फ्रेंच राज्यक्रांती बसवली आणि राजाची भूमिका त्यांनाच दिली. पहिल्या अंकात राजाचं डोकं उडालं, तेव्हा मागच्या रांगांतून इतक्या टाळ्या आल्या की वैदेहीनं मनात मतं मोजून टाकली.

मध्यंतरात प्रणव, म्हणजे दुसऱ्या अंकातला सम्राट, मुलीला पोहण्याच्या क्लासला सोडायला निघून गेला.

पडदा पुन्हा उघडला. सम्राटाचा मुकुट घालून श्रीकांतराव उभे होते.

“कोणीच पुढे येईना, म्हणून याही वेळी मीच,” ते म्हणाले, आणि मागच्या रांगांतून पुन्हा तितक्याच टाळ्या आल्या.